जपानमधले ‘मुजिन-एकी’: कर्मचारी नसलेले स्थानक कोण चालवते?

जपानी भाषेत ‘मु’ म्हणजे नसणे, ‘जिन’ म्हणजे माणूस आणि ‘एकी’ म्हणजे रेल्वे स्थानक. ज्या स्थानकावर रेल्वेचा एकही कर्मचारी नेमलेला नाही, त्याला तिथे ‘मुजिन-एकी’ म्हणतात. जपानी रेल्वे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बुलेट ट्रेन, तोक्योतील गर्दी आणि काटेकोर वेळापत्रक उभे राहते, त्यामुळे पुढचा आकडा अनेकांना खरा वाटत नाही. जपानच्या वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार मार्च २०२० अखेर देशात ९,४६५ स्थानके होती आणि त्यांपैकी ४,५६४ स्थानकांवर, म्हणजे ४८ टक्क्यांहून अधिक ठिकाणी, कर्मचारी नव्हता. ज्या देशाच्या रेल्वेचे शिस्तीसाठी जगभर कौतुक होते, त्या देशातील जवळजवळ निम्मी स्थानके कर्मचाऱ्यांविना चालतात.

अशा स्थानकाचे रूप साधे असते. एक-दोन डब्यांपुरता फलाट, वर छोटेसे छप्पर किंवा जुनी लाकडी इमारत, आत एक बाक, भिंतीवर वेळापत्रक आणि फलाटावर नावाची पाटी, जिच्यावर मागच्या व पुढच्या स्थानकांची नावेही लिहिलेली असतात. तिकीट खिडकी असलीच तर तिच्यावर फळी ठोकलेली दिसते. फाटक नाही, तिकीट तपासणारा नाही, घोषणा करणारा नाही, आणि तरीही गाडी वेळेवर येते, थांबते आणि जाते. त्यामुळे ‘माणूस नसलेले स्थानक’ हे नाव थोडे फसवे आहे. पूर्वी स्थानकावरचे कर्मचारी जी कामे करत, त्यांतील काही काळाच्या ओघात संपली. उरलेली गाडीचा चालक, दूरवरचे नियंत्रण केंद्र, खुद्द प्रवासी आणि आसपासचे गावकरी यांच्यात वाटली गेली आहेत. ही वाटणी कशी झाली, हे एकेक काम घेऊन पाहिले की सगळी व्यवस्था उलगडते.

पहिला प्रश्न अर्थातच तिकिटाचा. ग्रामीण मार्गांवरील बहुतेक गाड्या ‘वानमान’ पद्धतीने चालतात. हा शब्द इंग्रजीतील ‘वन मॅन’चे जपानी रूप असून त्याचा अर्थ एवढाच की गाडीत गार्ड नसतो, चालक हा एकमेव कर्मचारी असतो. डबा सहसा एकच असतो आणि प्रवाशाने मागच्या दाराने चढून पुढच्या दाराने उतरायचे असते. थंड प्रदेशांत डब्यातील ऊब टिकावी म्हणून दार आपोआप उघडत नाही, बाजूचे बटण प्रवाशानेच दाबावे लागते. हे ठाऊक नसलेला पाहुणा बंद दारासमोर वाट पाहत उभा राहतो. आत शिरताच दाराजवळच्या यंत्रातून कागदाची एक चिठ्ठी घ्यायची, जिला ‘सेइरिकेन’ म्हणतात. तिच्यावर छापलेला क्रमांक प्रवासी कोणत्या स्थानकावर चढला ते सांगतो. चालकाच्या डोक्यावर एक फलक असतो. त्यावर प्रत्येक क्रमांकाखाली त्या क्षणी लागू असलेले भाडे दिसते आणि गाडी एकेक स्थानक पुढे गेली की ते आकडे बदलत जातात. उतरायच्या वेळी प्रवाशाने आपल्या क्रमांकाखालचे भाडे पाहायचे आणि तेवढे पैसे चिठ्ठीसह चालकाशेजारच्या पेटीत टाकायचे.

या पेटीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण परदेशी प्रवाशांची सर्वांत जास्त तारांबळ तिथेच उडते. या पेट्या सहसा सुटे परत देत नाहीत. तिच्यात सुटे करून देणारे यंत्र बसवलेले असते, पण ते नाणी आणि १,००० येनची नोट एवढेच स्वीकारते. मोठी नोट घेऊन चढलेल्या माणसाची पंचाईत होते आणि तिच्यामुळे गाडीही खोळंबते. म्हणून जाणकार प्रवासी गाडी आधीच्या थांब्यावर उभी असतानाच पुढे येऊन सुटे करून घेतात. गाडी दोन डब्यांची असेल तर कर्मचारी नसलेल्या स्थानकावर सहसा फक्त पहिल्या डब्याचीच दारे उघडतात, कारण प्रत्येक उतरणारा प्रवासी चालकासमोरून गेला पाहिजे. मोठ्या स्थानकावर मात्र सगळी दारे उघडतात आणि चिठ्ठी दाखवून पैसे फाटकावर भरता येतात. थोडक्यात, तिकीट बाबूचे काम चालकाच्या अंगावर आले आहे, आणि ते नीट पार पडावे एवढी शिस्त प्रवाशाकडून अपेक्षित आहे.

या पद्धतीत पळवाट आहे, हे उघड आहे. तिला जपानीत ‘किसेरु’ असे गमतीदार नाव आहे. किसेरु म्हणजे तंबाखू ओढण्याची जुनी नळी, जिची दोन्ही टोके धातूची आणि मधला भाग बांबूचा असतो. प्रवासाच्या दोन्ही टोकांचे थोडेथोडे भाडे भरायचे आणि मधल्या लांब पल्ल्याचे बुडवायचे, असा प्रकार करणाऱ्याच्या तिकिटातही ‘धातू’ फक्त टोकांना असतो. पकडल्यास मूळ भाड्याखेरीज त्याच्या दुपटीपर्यंत जादा रक्कम, म्हणजे एकूण तिप्पट, वसूल करता येते. फाटक बांधून माणूस बसवण्याचा खर्च बुडणाऱ्या भाड्यापेक्षा बराच अधिक असतो, असा साधा हिशेब कंपन्या करतात. जपानी माणूस प्रामाणिक आहे म्हणून ही व्यवस्था टिकली, असे आपल्याकडे हौसेने सांगितले जाते. माझ्या मते त्या प्रामाणिकपणाइतकेच श्रेय या हिशेबालाही द्यायला हवे.

तिकीट हे स्थानकावरील कामांपैकी सर्वांत दिसणारे काम होते, पण सर्वांत जोखमीचे काम वेगळेच होते. ग्रामीण मार्ग बहुधा एकेरी असतात आणि त्यांवर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकाच टप्प्यात शिरू नयेत याची खबरदारी पूर्वी स्थानकावरचे कर्मचारी घेत. त्यासाठी चालकाला त्या टप्प्याचे टोकन दिले जाई. आपल्याकडेही एकेरी मार्गांवर टोकनचा गोळा हातोहात देण्याची पद्धत वर्षानुवर्षे होती, त्यामुळे हे चित्र कल्पनेत आणणे मराठी वाचकाला अवघड जाणार नाही. टोकन ज्याच्या हाती तोच पुढे जाणार, म्हणून गाड्यांचे क्रॉसिंग होणाऱ्या प्रत्येक लहान स्थानकावर, प्रवासी असोत वा नसोत, माणूस लागत असे. मग केंद्रीय वाहतूक नियंत्रणाची पद्धत आली, जिच्यात एका खोलीत बसलेला नियंत्रक संपूर्ण मार्गावरचे सिग्नल आणि सांधे विजेच्या साहाय्याने बदलतो. जपानच्या सरकारी रेल्वेने ती प्रथम १९५८ मध्ये इतो मार्गावर आणली आणि पुढील दशकांत ती सर्वदूर पसरली. स्थानक मास्तरची गरज सर्वांत आधी इथे संपली.

दुसरे मोठे काम मालाचे होते. लहान स्थानकावर लाकूड, मासळी, बटाटे, कोळसा यांची चढउतार होई, पार्सले येत, वाघिणी जोडल्या-सोडल्या जात. ट्रकने हा व्यवसाय हळूहळू काढून घेतला आणि फेब्रुवारी १९८४ च्या वेळापत्रकात सरकारी रेल्वेने ठिकठिकाणच्या यार्डांत वाघिणी फोडून-जोडून माल पोहोचवण्याची जुनी पद्धत बंद करून टाकली. या बदलाची एक गमतीची खूण होक्काइदो बेटावर अजून दिसते. मालगाड्यांच्या शेवटी जोडले जाणारे गार्डचे डबे निकामी झाले, तेव्हा त्यांची चाके काढून ते फलाटाशेजारी ठेवण्यात आले आणि जुन्या लाकडी इमारतींच्या जागी प्रतीक्षागृह म्हणून वापरात आले. चाके नसलेल्या या बसक्या डब्यांना रेल्वेप्रेमी ‘दारुमा-एकी’ म्हणतात. दारुमा ही हातपाय नसलेली गोल जपानी बाहुली आहे.

कामे कमी होणे हे एक कारण झाले; पैसा संपणे हे दुसरे. जपानची सरकारी रेल्वे १९६४ साली प्रथम तोट्यात गेली, आणि योगायोग असा की पहिली बुलेट ट्रेन त्याच वर्षी धावली. त्यानंतर तोटा वाढतच गेला. १९८० साली झालेल्या पुनर्रचना कायद्याने कमी वाहतुकीचे ८३ मार्ग निवडून काढले आणि त्यांतील ४५ मार्गांवर रेल्वेऐवजी बस आली, तर ३८ मार्ग रेल्वे म्हणूनच, पण बहुतांशी स्थानिक संस्थांच्या भागीदारीतील नव्या कंपन्यांकडे गेले. १ एप्रिल १९८७ रोजी सरकारी रेल्वेचे विभाजन होऊन सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी निर्माण झाली, तेव्हा तिच्या डोक्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचे कर्ज होते. या उलथापालथीच्या वर्षांत कर्मचारी कपात जोरात झाली आणि आज ओसाड दिसणाऱ्या अनेक स्थानकांवरचा शेवटचा कर्मचारी त्याच काळात गेला.

कोणता मार्ग ‘कमी वाहतुकीचा’ हे ठरवण्यासाठी जपानमध्ये ‘युसो मित्सुदो’, म्हणजे वाहतूक घनता, हे माप वापरतात आणि ते समजून घेतल्याशिवाय तिथल्या बातम्या समजत नाहीत. मार्गाच्या प्रत्येक किलोमीटरवरून दिवसाला सरासरी किती प्रवासी गेले, ते हे माप सांगते. दहा किलोमीटरच्या मार्गावर शंभर जणांनी रोज पूर्ण अंतर कापले तर घनता १०० होते. त्याच शंभर जणांनी निम्म्याच अंतरावर उतरायचे ठरवले तर ती ५० वर येते. १९८० च्या कायद्यात ४,००० ही रेषा होती. आता ४,००० हा आकडा अनेक ग्रामीण मार्गांना स्वप्नवत वाटावा अशी स्थिती आहे. पश्चिम जपानच्या रेल्वे कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये २,००० पेक्षा कमी घनतेच्या मार्गांचा जमाखर्च जाहीर केला, त्यात हिरोशिमा प्रांतातील गेइबी मार्गाचा तोजो ते बिंगो-ओचिआइ हा टप्पा सर्वांत खाली होता. २०१९ मध्ये त्याची घनता होती ११, आणि २०१७ ते २०१९ या तीन वर्षांच्या सरासरीने तिथे १०० येन मिळवण्यासाठी २५,४१६ येन खर्च होत होते.

कर्मचारी काढून घेतल्याने वाचतो तो पगार. पण रूळ, पूल, बोगदे, दरडींपासून संरक्षण करणाऱ्या भिंती आणि हिवाळ्यात बर्फ हटवणे यांचा खर्च प्रवासी दहा असोत वा दहा हजार, जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे स्थानक कर्मचारीविरहित करणे ही काटकसरीची पहिली, आणि सर्वांत सोपी, पायरी असते. त्यानंतर फेऱ्या कमी होतात. वर उल्लेखलेल्या गेइबी मार्गाच्या टप्प्यावर दिवसाला दोन्ही दिशांना केवळ तीन-तीन गाड्या आहेत. फेऱ्या कमी झाल्या की उरलेसुरले प्रवासीही मोटारीकडे वळतात. शेवटी गाडीत कोण उरते, तर ज्यांना मोटार चालवता येत नाही असे दोनच वर्ग: शाळकरी मुले आणि वृद्ध.

या व्यवस्थेची खरी किंमत कोण मोजतो, याचे उत्तरही तिथेच दडलेले आहे. चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाला गाडीत चढण्यासाठी फलाट आणि डबा यांच्यामध्ये फळी टाकावी लागते आणि ती टाकायला माणूस लागतो. कर्मचारी नसलेल्या स्थानकावर त्याला आधीच कळवून मदत मागवावी लागते, म्हणजे इतर जण मनात आले की निघतात आणि त्याने मात्र पूर्वसूचना द्यायची. सप्टेंबर २०२० मध्ये ओइता येथील चाकाची खुर्ची वापरणाऱ्या नागरिकांनी या मुद्द्यावर क्यूशू रेल्वे कंपनीविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. पुढे जुलै २०२२ मध्ये वाहतूक मंत्रालयाने कर्मचारी नसलेल्या स्थानकांच्या सुरक्षित वापराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कॅमेरे आणि संवादयंत्र बसवून दूरच्या केंद्रातून प्रवाशांशी बोलण्याची सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे. ती रस्ता चुकलेल्याला उपयोगी पडते, पण फळी टाकायला कॅमेऱ्याला हात नसतात.

उरलेली कामे गावाकडे आली. काही स्थानकांवर तिकीट विक्री स्थानिक दुकानदाराकडे किंवा एखाद्या ग्रामस्थाकडे कमिशनवर सोपवलेली असते; आपल्या हॉल्ट स्थानकांवरील एजंटाशी ही पद्धत मिळतीजुळती आहे. झाडलोट, फुलझाडे, बाकांवर हाताने शिवलेल्या चौकोनी गाद्या हे सगळे बहुधा शेजारपाजारच्या लोकांचे काम असते. प्रतीक्षागृहात ‘एकी नोटो’ नावाची एक वही ठेवलेली असते, जिच्यात येणारे-जाणारे दोन ओळी लिहून जातात.

वाकायामा प्रांतातील किशी स्थानकाची प्रसिद्ध हकीकत याच वाटणीतून जन्मली. तिथल्या १४.३ किलोमीटरच्या किशिगावा मार्गावरून मोठी खासगी कंपनी बाहेर पडली आणि एप्रिल २००६ मध्ये वाकायामा इलेक्ट्रिक रेल्वे या नव्या छोट्या कंपनीने तो चालवायला घेतला. खर्च कमी करण्यासाठी स्थानकांवरील कर्मचारी काढले गेले. किशी स्थानकाशेजारच्या दुकानात तामा नावाची एक मांजर होती; कंपनीने जानेवारी २००७ मध्ये तिला रीतसर स्थानक मास्तर नेमले, डोक्यावर टोपी दिली आणि मोबदला म्हणून मांजराचे खाद्य ठरवले. लोक तिला पाहायला दुरून येऊ लागले, २०१० मध्ये मांजराच्या चेहऱ्यासारखे छप्पर असलेली नवी इमारत झाली, आणि २०१५ मध्ये तामा गेल्यावर तिच्या जागी नितामा आली. या कथेत सगळे जण मांजराकडे पाहतात, पण ज्या खुर्चीवर ती बसली ती मुळात रिकामी झाली होती म्हणून तिला मिळाली, हे सहसा सांगितले जात नाही.

अगदीच एकाकी स्थानकांना ‘हिक्यो-एकी’, म्हणजे दुर्गम स्थानके, म्हणतात आणि त्यांना भेटी देणाऱ्या हौशी लोकांचा एक वर्गच जपानमध्ये आहे. गुन्मा प्रांतातील दोआइ स्थानकाचा एक फलाट १९६७ साली झालेल्या बोगद्यात, जमिनीखाली सुमारे ७० मीटर खोल आहे. गाडीतून उतरल्यावर वरच्या दारापर्यंत ४८६ पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्या चढून गेल्यावर तिकीट मागायलाही कोणी नसते. होक्काइदोतील कोबोरो तर दोन बोगद्यांमधल्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत आहे आणि तिथे जाणारा रस्ताच नाही. २०१५ मध्ये रेल्वे कंपनीने हे स्थानक बंद करायचे ठरवले, तेव्हा तोयोउरा या छोट्या नगराने त्याच्या देखभालीचा खर्च स्वतः उचलायची तयारी दाखवली, कारण ज्या स्थानकाच्या आसपास कोणी राहत नाही तेच नगराची ओळख झाले होते. होक्काइदोत हा उपाय मग इतर नगरांनीही केला. पण तो किती काळ परवडतो, हे बाक्काइ स्थानकाने दाखवले. देशातील सर्वांत उत्तरेकडचे कर्मचारी नसलेले हे लाकडी स्थानक १९२४ पासून उभे होते. २०२१ पासून वाक्कानाइ शहर त्याचा खर्च भरत होते, आणि मार्च २०२५ मध्ये ते बंद झाले.

आपल्याकडेही फिरलेल्या एका निरोपाचा उल्लेख इथे करायलाच हवा. एका विद्यार्थिनीसाठी जपानने संपूर्ण स्थानक सुरू ठेवले आणि तिचे शिक्षण संपल्यावरच ते बंद केले, ही गोष्ट जानेवारी २०१६ मध्ये जगभर पसरली. त्या निरोपात होक्काइदोतील कामी-शिराताकी या स्थानकाचे नाव होते. प्रत्यक्षात ती मुलगी जवळच्या क्यू-शिराताकी स्थानकावरून ये-जा करत असे. मार्च हा जपानमध्ये शालेय वर्ष संपण्याचा महिना आहे, आणि रेल्वेचे नवे वेळापत्रकही तेव्हाच येते. त्यामुळे तिची शेवटची परीक्षा आणि स्थानकाचा शेवटचा दिवस जवळजवळ येण्यात आश्चर्य नव्हते. २६ मार्च २०१६ च्या वेळापत्रकात त्या भागातील एकदम तीन स्थानके वगळली गेली, कामी-शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी, आणि त्यांतील कामी-शिराताकीला दिवसाकाठी प्रत्येक दिशेला एकच गाडी थांबत असे. मुलगी खरी होती, गाडी खरी होती. कंपनीने तिच्यासाठी तोटा सोसला, हा भाग मात्र सांगणाऱ्यांनी जोडला.

शिमो-शिराताकीचे पुढे काय झाले, ते त्या निरोपात नव्हते. मार्ग एकेरी असल्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी तिथली दुसरी रूळजोडी लागणारच होती, म्हणून प्रवाशांच्या यादीतून नाव काढल्यावरही ती जागा सिग्नल-थांबा म्हणून राखली गेली. क्रॉसिंग असेल तेव्हा गाडी तिथे उभी राहते, समोरची गाडी जाऊ देते आणि दारे न उघडता पुढे निघते.